अण्णांचं पितळी बूच

खंडोजी अण्णा भेंडी घेतानासुद्धा खिशातून व्हर्नियर काढत. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात जन्मभर लेथ चालवलेला माणूस. नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवणं त्यांच्या मते शुद्ध आळस. "माप घे, मग बोल," हे ते भाजीवालीलाही ऐकवत. यशवंतपूरला त्यांच्या माडीवर मी भाडेकरू होतो आणि कॉम्प्युटरच्या नोकरीत असल्याच्या गुन्ह्याखाली त्यांचा जुना डेस्कटॉप माझ्या गळ्यात पडला होता.

त्या डेस्कटॉपवर अण्णा दर रविवारी बस चालवत. खेळातली बस. आयर्लंडला शिकणारी नात गौरी तिथून दुसरी बस काढी आणि दोघं हेडफोन लावून बोलत. एरवी फोनवर तिला दोन मिनिटं वेळ नसे. पण अण्णांचं चित्र अडकत अडकत चाले आणि त्यांची बस कायम मागे राही. पोर कंटाळून खेळायचंच सोडेल, या धास्तीनं त्यांनी नवं ग्राफिक्स कार्ड मागवलं.

माप घ्यायचं राहिलं ते नेमकं कॅबिनेटचं. कार्ड दोन इंच लांब निघालं. नवं कॅबिनेट घेऊ, असं मी म्हटलं तर अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांनी पुढचा पत्रा कापला, बाहेर आलेल्या टोकाला छोटी बाल्कनी केली आणि कार्ड वाकू नये म्हणून खालून पितळेचा खांब दिला. खंडेनवमीच्या आयुधपूजेला कार्डाला हळदकुंकू, झेंडूचा हार, लिंबू असं सगळं झालं. त्यांच्या पत्नीनं, अक्कांनी, दारात कोहळा फोडला. मग बस सुरू झाली. "बघ, स्वल्प फरक आहे," अण्णा म्हणाले. मला काही दिसला नाही, पण कोहळा फुटल्यावर तसं म्हणायची माझी छाती नव्हती.

पुढच्या आयुधपूजेला पुसायला म्हणून मी डबा वळवला. मॉनिटरची केबल जुन्याच भोकात होती. कार्डाच्या भोकावर हार आलेला, पूजेचा हार हलवायचा कसा, म्हणून अण्णांनी ती तिथंच राहू दिली होती. कार्ड वर्षभर काहीच काम न करता बाल्कनीत बसून होतं. मी केबल बदलली. रविवारी बस सुसाट सुटली आणि तासाभराचा रस्ता वीस मिनिटांत संपला.

सोमवारी अण्णांनी मला खाली बोलावलं. केबल परत जुन्या जागी होती आणि कार्डाच्या भोकात कानशीनं घासून बसवलेलं पितळेचं बूच.

"कार्ड सरी आहे, बरोबर चालतं," ते आपल्या कानडी वळणानं म्हणाले. "पण काल वीस मिनिटांत 'बाय अज्जा' म्हणाली. मी मागं राहायचो तेव्हा प्रत्येक स्टॉपला थांबायची. थांबली की बोलायची."

पुढची दोन वर्षं ती बस तशीच रखडत चालली.

अण्णा गेल्यावर गौरी आली. मी तिला सगळं सांगितलं, तेव्हा ती बाल्कनीवर हात ठेवून रडली. जाताना तिनं फक्त बूच नेलं. विमानतळावर तपासणीवाल्यानं विचारलं, हे कशाचं? तिनं तिथून मला फोन लावला, "काका, काय सांगू?" "सांग, बसचा ब्रेक आहे," मी म्हणालो.