जुन्या पाइपातला थर

माझे भावोजी प्लंबर. मीही त्यांच्याच हाताखाली शिकलो, त्यामुळे त्यांना चार शब्द सुनावायचा हक्क मला नाही असं ते धरून चालतात. ते ताईचे नवरे, म्हणून मी निम्मं ऐकून घेतो.

हृदयाच्या रक्तवाहिन्या कडक झाल्यात, आत थर साचलाय, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा भावोजी घाबरले नाहीत. उलट त्यांना हायसं वाटलं. थर म्हणजे घरचाच विषय. उभा जन्म लोकांच्या पाइपांतला क्षार काढण्यात गेलेला.

"साचतं ते विरघळतं," ते म्हणाले.

गोळ्या थर धुऊन काढत नाहीत, फक्त वाढू देत नाहीत, हे ऐकल्यावर त्यांच्या लेखी गोळ्या बाद झाल्या. कुणीतरी सांगितलेला आंबटढाण काढा ते सकाळी पेलाभर पिऊ लागले. गोळ्यांचं काय होतं ते ताईला कळलं कानातलं बेसिनमध्ये पडल्यावर. प्लंबरची बायको ती, खालचा जोड तिने स्वतःच उघडला. कानातल्याबरोबर गोळ्यांचा लगदा निघाला.

ताईने अबोला धरला. मला मात्र फोन केला. "तू बोल त्यांच्याशी. मी नुसती त्यांचा श्वास ऐकत पडलेली असते."

मी योग्य वेळेची वाट बघत राहिलो. ती कधी येत नसते.

त्या आठवड्यात एका जुन्या वसतिगृहाचं काम आलं. गरम पाण्याची धार करंगळीएवढी झाली होती. तळघराच्या जिन्यावर भावोजी मधेच थांबले. "पाना विसरलो का बघतोय," म्हणाले. पाना त्यांच्या हातातच होता. मी त्यांच्या खांद्यावरची हत्यारांची पिशवी माझ्याकडे घेतली.

वसतिगृहाच्या बाई घाईत होत्या. "अ‍ॅसिड सोडा आणि मोकळं करा एकदाचं."

मी कॅन उघडला. भावोजींनी माझं मनगट धरलं.

"थांब. लोखंड खाऊन गेलंय, थरानेच पाइप धरून ठेवलाय. विरघळवायला गेलास तर भोक पडेल, नाहीतर खपली सुटून पुढच्या वळणात बसेल. मग आहे ती धारही गेली."

"मग करायचं काय?"

"आणखी साचू द्यायचं नाही. दाब कमी ठेवायचा. जपायचं."

मला राहवलं नाही. राग होता, त्याहून जास्त भीती होती. "पाइपाची एवढी काळजी, आणि स्वतःच्या छातीत रोज सकाळी काय ओतताय?"

भावोजींनी माझं मनगट सोडलं. मग कपाळावर घाम फुटला, चेहरा राखेसारखा झाला आणि त्यांनी भिंत धरली. मला वाटलं, मी बोललो आणि मीच माणूस मारला. बाई फोनकडे धावल्या. मी हत्यारांची पिशवी उलटी केली. टेपच्या कप्प्यात जिभेखाली ठेवायची गोळी निघाली, ती लगेच त्यांना दिली. गोळी तिथे ताईनेच ठेवलेली. अबोला होता तो तोंडाचा, हातांचा नव्हता.

दवाखान्यात रक्तवाहिनीत जाळी बसवली. थोडं सावरल्यावर त्यांनी डॉक्टरीणबाईंना एकच विचारलं, "हे उलटं फिरतं का?"

"कडक झालेलं सहसा पुन्हा मऊ होत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जाळीने एक वाट मोकळी झाली, आजार गेला नाही. जो थर अजून मऊ आहे तो गोळ्यांनी, पथ्याने, चालण्याने थोडाफार आक्रसतो. मुख्य म्हणजे घट्ट बसतो, फुटत नाही. तेवढ्यावर माणसं वर्षानुवर्षं जगतात."

भावोजींनी मान हलवली. तळघरात ते स्वतः हेच बोलले होते.

ताईने गोळी पुढे केली आणि पाणी आणायला वळली. त्यांनी पाण्याची वाट पाहिली नाही. गिळली, आणि तोंड उघडून जीभ वर करून दाखवली. ताईने वाकून नीट पाहिलं, डावी-उजवीकडेही पाहिलं. मग इतक्या दिवसांनी त्यांच्याशी बोलली.

"घरी गेल्यावर बेसिनखालचा जोड मी रोज उघडणार आहे."

"उघड," भावोजी म्हणाले. "पाना देतो."