माय, यतीम

दुबईतल्या अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये खजुराचा डबा उघडला, की त्या गोड, दमट वासाबरोबर साठच्या दशकातलं आमचं इथल्याच खाडीकाठचं झावळ्यांचं घर आठवतं. आफ्रिकेहून लाकूड घेऊन आलेल्या गलबतावरचा एक म्हातारा खलाशी एकदा त्या घराच्या दारात उभा होता. "मायातीमा," तो अम्मीला म्हणाला. मग त्याने हात गुडघ्याशी धरला, मग कमरेशी, मग छातीशी.

"मला माय म्हणतोय. यतीम आहे बिचारा, एवढासा असल्यापासून आईबापाविना," अम्मी हळहळली. तिने त्याला मूठभर खजूर दिला. त्यातला एकही न खाता त्याने तो फडक्यात बांधला आणि दाराआडच्या खजुराच्या भरल्या गोणीकडे बघत राहिला.

"खलास, बाबा," अम्मी हसून म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्याचं गलबत गेलं.

परवा आमच्या बिल्डिंगमधली केनियाची नर्स गावाकडच्या अनाथ पोरांसाठी कपडे मागायला आली. त्या पोरांना ती "मायातीमा" म्हणाली. मी विचारलं, तर म्हणाली, एकच पोर असेल तर यातीमा, पुष्कळ असली की मायातीमा.

म्हातारा स्वतःबद्दल बोलतच नव्हता. अम्मीला हे कळलं असतं, तर तिने ती गोणीच त्याच्या खांद्यावर चढवली असती.