सरांनी मान डोलावली नाही

“मेंढ्या हाकणं वेगळं, बाई, आणि विचार करणं वेगळं. विचाराला पिढ्यांचे संस्कार लागतात.”

सर हसत म्हणाले. बाकीचेही हसले. मी बोलता बोलता थांबले.

नातवंडांनो, सांगलीत आमचं रविवारचं चर्चामंडळ आहे. तुमचे आजोबा गेल्यावर माणसांत बसायची माझी ही एकच जागा. सर निवृत्त प्राचार्य. त्यांच्याच दिवाणखान्यात ते मंडळ चालवतात. एक प्रश्न घ्यायचा, गोल बसून एकेकानं बोलायचं. नियम एकच, पण कडक. आपलं सांगण्याआधी शेजाऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं आणि विचारायचं, “बरोबर सांगितलं?” त्यानं मान डोलावली, की मगच पुढे.

त्या दिवशी प्रश्न होता, शहाणपण कशाला म्हणायचं. मी माझ्या वडिलांचं सांगत होते. जतकडच्या माळावर मेंढरं राखणारा माणूस. कळप उद्या कुठं न्यायचा हे ठरवताना ते सगळ्यांना विचारायचे. मला पोरीलासुद्धा. “कशावरनं म्हंतीस? सांग की.” कारण सापडेपर्यंत सोडायचे नाहीत. मी इंग्रजी शिकले, कॉलेजात शिकवलं. पण विचार करायला शिकले ती तिथं. एवढंच म्हणायचं होतं.

सर माझ्या शेजारच्या गृहस्थांना म्हणाले, “यांचं राहू द्या. यांच्या आधीच्यांचं सांगा.”

त्यांनी सांगितलं. मी बोललेच नव्हते, असं झालं.

माधवनगरहून येणारी कुसुम बाहेर पडताना म्हणाली, “आवं, मनाला लावून घेऊ नका. सर लय मोठा माणूस हाय. बोलावत्यात हेच खूप.”

आठवडाभर धास्ती. लहानपणी कुणाच्या रानात मेंढरू शिरलं की मालक काठी घेऊन ओरडत यायचा. आई माझं तोंड दाबून धरायची. तीच भीती. वय झालं, पदव्या झाल्या, ती जागची हलली नव्हती. बोलले तर दार बंद होणार. मग रविवारी कुठं जायचं?

पुढच्या रविवारी मी सरांच्या डाव्या हाताला बसले. म्हणजे त्यांच्यानंतर मी. कुसुमनं लांबूनच मान हलवून नको म्हटलं. सर समतेवर बोलले. छान बोलले. मग सगळे माझ्याकडे बघू लागले.

“सरांचं आजचं म्हणणं, सगळी माणसं सारखी. गेल्या रविवारचं म्हणणं, मेंढ्या हाकणाऱ्यांच्या घरात विचार होत नाही. दोन्ही त्यांचंच. बरोबर सांगितलं, सर?”

सरांनी घड्याळाकडे पाहिलं.

“विषय भरकटतोय,” सर म्हणाले.

“मान डोलवा, नाहीतर नाही म्हणा. नियम तुमचाच आहे.” मी तशीच पुढे बोलले. “पिढ्यांचे संस्कार लागतात म्हणालात. कशावरनं?”

सर उठले. “आज इथंच थांबू.”

चहा आला. माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. कुसुमसुद्धा. संध्याकाळी मोबाइलवर निरोप आला, बाईंनी काही दिवस विश्रांती घ्यावी.

भीती गेलेली नाही. तुम्हाला हे पत्र लिहितानाही ती आहेच. पण या रविवारी मी जाणार आहे. त्याच खुर्चीत बसणार आहे. दार उघडलं नाही, तर पायरीवर उभी राहून विचारणार आहे.

सरांनी अजून मान डोलावलेली नाही. नियमाप्रमाणे आता कुणालाच पुढे जाता येणार नाही.