बिराजदार मॅडम आणि आखडणारी सळई

सोलापुरात मे महिन्यात पंखे बंद करायला लावणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली आहे. बिराजदार मॅडम पदर खोचून आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत शिरायच्या आणि आधी पंख्यांची बटणं खाली करायच्या. "वाऱ्यानं आरसा हलतो की गं!" आम्ही घामाने निथळायचो आणि मॅडम मान वाकडी करून भिंतीवरच्या लाल ठिपक्याकडे बघत राहायच्या.

सगळा जीव त्या ठिपक्यात. टेबलावर तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, आणि तिच्या आत निकेलची हातभर सळई. सळईच्या टोकाशी, ती जरा हलली की कलणारा नखाएवढा आरसा, आरशावर लेसर, त्याचा ठिपका समोरच्या भिंतीवर. कॉइलमध्ये वीज सोडली की चुंबकाचा जोर येतो आणि सळई आखडते. किती? केसाच्या जाडीहूनही कमी. पण भिंतीवरचा ठिपका चांगला बोटभर सरकतो.

मी केम गावची, शेतकऱ्याची पोर. एम.एस्सी.च्या पहिल्याच आठवड्यात विचारलं, "मॅडम, पण धातू आखडतो कसा?" मॅडमनी आम्हा सहा जणींना एका बाकावर खांद्याला खांदा लावून बसवलं. "आता समद्यांनी खिडकीकडं तोंड करा." आम्ही आडव्या वळलो, सरकलो, आणि बाकाच्या टोकाला एकीची जागा मोकळी झाली. "बघ! सळईत अणू अस्सेच रांगेनं बसलेत. चुंबकानं त्यांची तोंडं फिरवली की रांग आखडली. पाठ करायचं काय हाय त्यात?"

मॅडमचं माहेर कर्नाटकाच्या सीमेलगतच्या अक्कलकोटचं. त्यामुळे राग आला की कन्नड, लई आनंद झाला तरी कन्नड. मधल्या वेळेत मराठी.

आयुष्यात त्यांचा शोधनिबंध एकच, पण तो परदेशी मासिकात छापून आलेला. त्यात त्यांचं म्हणणं असं, की चुंबकाचा जोर फार वाढवला तर आखडलेली सळई पुन्हा लांबू लागते. असं दुसऱ्या कुणालाच दिसलेलं नव्हतं. कॉलेजात कुणी पाहुणा आला की प्राचार्य चहाच्या आधी तो निबंध दाखवायचे.

मॅडमच्या निवृत्तीला आठवडा उरला होता. मी तेव्हा त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. करत होते. जोर वाढवला की कॉइल तापते, म्हणून तिच्यातून पाणी फिरवायचं. पण पाण्याची उधळपट्टी मॅडमना खपत नसे. मोठा जोर लावायचा असेल तेव्हाच नळ सोडायचा, असा दंडक. त्या दुपारी मी नळ सोडला आणि कॉइलमध्ये वीज सोडायच्या आधीच नेमकी लाइट गेली. वीज नाही म्हणजे चुंबक नाही. लेसर मात्र सेलवरचा. बघते तर काय, ठिपका आपला सरकतोच आहे! सळई लांबत होती. मी नळाखाली हात धरला आणि झटकन मागे घेतला. मे महिन्याच्या उन्हातलं गच्चीवरच्या टाकीचं पाणी ते, चटकाच बसला. मोठा जोर लावला की नळ सुटायचा, आणि नळ सुटला की सळई तापून लांबायची. चुंबकाचा काही संबंधच नव्हता.

तिसऱ्या दिवशी म्हटलं, "मॅडम, वीज बंद ठेवून नुसता नळ सोडून बघता?" त्यांनी सोडला. ठिपका सरकला. त्यांनी पाण्यात बोट धरलं. "अय्यो! इतकी वर्षं मी सोलापूरचं ऊन मोजलं की!" इतक्या हसल्या की टेबलाचा आधार घ्यावा लागला. मग हसू ओसरलं. "एकच पेपर होता गं माझा," म्हणाल्या. मला रडूच फुटलं.

"निरोपाचा कार्यक्रम होऊ दे मॅडम, तोवर कुणाला नको सांगायला," मी म्हटलं. त्यांनी नळ घट्ट बंद केला.

समारंभात प्राचार्यांनी त्या निबंधाचे गोडवे गायले. शाल-श्रीफळ घेऊन मॅडम उभ्या राहिल्या. "सरांनी सांगितलं ते खरं न्हाय. माझा पेपर चुकलाय." विनय समजून लोकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. मॅडम भडकल्या. "टाळ्या काय वाजवताय? खरंच चुकलाय! चला वर, दाखवते!" आणि खांद्यावरच्या शालीसकट जिना चढू लागल्या. प्राचार्य, शिपाई, ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या बायका, सगळी वरात मागोमाग. मॅडमनी नळ सोडला. ठिपका सरकला. "आता थंडीत परत मोजायचं," मॅडम म्हणाल्या आणि जेवायला चला म्हणून सगळ्यांना खाली पिटाळलं.

डिसेंबरात त्या जुळे सोलापूर भागातल्या घरून रिक्षाने आल्या. आदल्या दिवसापासून खोलीत भरून ठेवलेलं पाणी आम्ही छोट्या पंपाने फिरवलं. जोर वाढवत वाढवत शेवटापर्यंत नेला. सळई आखडली, आणि आखडली ती आखडलीच. पुन्हा लांबली नाही. निबंधातला शोध गेला.

मॅडमनी माझ्या पाठीत धपाटा घातला. "आलं बघ खरं!" मासिकाला दुरुस्तीचं पत्र तिथेच बसून लिहिलं. मग पिशवीतून पेढ्यांचा खोका काढला आणि शिपायापासून प्राचार्यांपर्यंत प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत सांगत सुटल्या, "माझा पेपर खोटा निघाला. माझ्या पोरीनं शोधून काढलं!"