हॉरसचं बघणं

हॉथ्रपच्या कालव्यावर हॉरस पिंचबेक दिसला नाही, असे दिवस दोनच: त्याचं लग्न झालं तो आणि बायको गेली तो. लग्नाच्या दिवशीही दुपारी चक्कर मारून गेला असं बेकरीवाली सांगते, पण तिचं निम्मंच धरायचं.

त्याचं काम एकच. लॉकच्या, म्हणजे बोटी खाली-वर करणाऱ्या हौदाच्या, काठावर बसून बोटी बघायच्या. दोन दरवाजांमध्ये बोट शिरते, झडपा उघडतात, पाणी उतरतं, बोट खाली जाते आणि पुढे निघते. यात रोज नवीन काय असतं, ते हॉरसलाच ठाऊक.

अशा बघ्याला बोटवाले ‘गॉनगूझलर’ म्हणतात. निवृत्त मास्तरांच्या मते लिंकनशरकडचे दोन जुने शब्द त्यात जोडलेत आणि दोन्हींचा अर्थ टक लावून बघणं. म्हणजे एकदा बघून ज्याचं पोट भरत नाही, तो! खात्री कुणालाच नाही, असंही मास्तर म्हणतात. ते मात्र गाव ऐकत नाही.

हॉरसला हे नाव चिकटवलं आयव्ही टूलीनं. बोटीवर जन्मली, बोटीवरच म्हातारी झाली. वर्षातून दोनदा इथून जायची. झडपा फिरवायचं तिचं लोखंडी हँडल एकदा तरी हातात मिळावं, ही हॉरसची हाव.

“दमली असशील आयव्ही. आण इकडे.”

“बघ्यानं बघावं,” ती म्हणायची. जमिनीवरच्या माणसाला बोटवाले हँडल देत नाहीत.

बायको गेल्यावर ही हाव जरा वाढलीच. का, ते बेकरीवालीला विचारा.

परवाच्या मे महिन्यात आयव्ही आली. ती बोटीच्या मागच्या टोकाला सुकाणूवर, भाची जेम्मा काठावर झडपांपाशी, कानाला फोन लावून. पाणी उतरू लागलं आणि हॉरस ताडकन उठला. बोटीचं नाक खाली चाललं होतं, शेपूट जागच्या जागी! वरच्या दरवाजालगतच्या दगडी उंबऱ्यावर ते अडकलं होतं. आणखी मिनिटभरात आयव्हीसकट बोट तळाला गेली असती.

“जेम्मा! झडप बंद कर!”

“काय झालं, काका?”

“अगं फोन टाक तो! बंद कर! आता वरची उघड. हळू!”

पाणी चढलं, बोट सुटली. आयव्ही काठावर आली, पांढरीफटक.

“तुला कसं कळलं?”

“तुझी मागची फुलांची कुंडी. एव्हाना भिंतीतल्या त्या तुटक्या विटेच्या खाली जाते. आज गेली नाही.”

“विटासुद्धा बघतोस?”

“मग दुसरं काय करतो मी?”

आयव्हीनं जेम्माच्या हातातलं हँडल काढून त्याच्यापुढे धरलं. “पुढच्या लॉकला तू.”

हॉरसनं टोपी नीट केली. काठाकाठानं पुढच्या लॉकपर्यंत ऐटीत चालत गेला, हँडल बसवलं, सगळा जोर लावला. हलेना.

“उलटं फिरवतोयस, म्हाताऱ्या! चाळीस वर्षं काय बघत होतास?”

“हँडल नव्हतो बघत,” हॉरस म्हणाला.

जेम्मा फिस्सकन हसली. आयव्हीनं तिच्यावर डोळे वटारले, हॉरसच्या हातांवर आपले हात ठेवले आणि म्हणाली, “गप. फिरव आता.”