नारळ पिशवीतच

वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजात मी माझी तरुणपणीची डर्ट बाईक पुन्हा चालू करायला टाकली होती. तीच, जिच्यावरून येऊरच्या डोंगरात उडी मारली की खाली टेकेपर्यंत मला दाढी फुटायची! पुढे कित्येक वर्षं ती जिन्याखाली धूळ खात पडली.

गॅरेजात रोज एक गृहस्थ दिसायचे. साठी उलटलेली, डोक्यावर हेल्मेट, हातातल्या पिशवीत नारळ. त्यांचीही तसलीच जुनी बाईक तिथे होती. स्टँडवरच्या त्या बाईकवर बसून ते वळण आल्यासारखे डावी-उजवीकडे झुकायचे. तो नारळ, गाडी तयार झाल्यावर चाकापुढे फोडण्यासाठी. पण मेकॅनिक "झाली काका!" म्हणाला की यांना नवाच आवाज ऐकू यायचा.

"क्लच कुरकुरतोय रे. परत खोल."

मग नारळ घरी जायचा आणि दुसऱ्या दिवशी नवा यायचा. खोपटची अख्खी वस्ती जेवेल एवढी चटणी त्यांच्या घरी झाली असणार.

एकदा मी विचारलंच, "अहो, गाडी नेणार कधी?"

गुडघा चोळत ते म्हणाले, "नेली तर चालवावी लागेल ना!"

मी पोट धरून हसलो.

शेवटी माझी बाईक एका किकमध्ये अशी गर्जली की घोडबंदर रोडचा ट्रॅफिक जागच्या जागी थांबला. तसा तो थांबलेलाच असतो म्हणा. गृहस्थांनी नारळ माझ्यापुढे धरला. "फोडा! आज येऊर!"

किक मारतानाच माझ्या कमरेतून निघालेली कळ मस्तकात पोचली होती.

"कार्बोरेटर जरा परत बघ रे," मी मेकॅनिकला म्हणालो.

गृहस्थांनी नारळ पिशवीत ठेवला आणि माझ्यासाठी कटिंग चहा सांगितला.