आबांच्या छातीवरच्या जांभळ्या रेघा

भूत, करणी, अंगात येणं... असलं कोणी सांगायला लागलं की चहा मागवून विषय बदलणारा मी माणूस. त्यामुळे हे लिहायला हात जरा कचरतोय.

नव्वदचं दशक संपत आलेलं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. जन्म सिद्धेश्वर धरणाच्या काठानं मेंढ्या चारण्यात गेलेला. आता भाकरी सोडा, पाणीही उतरेना. औरंगाबादच्या दवाखान्यात केमोची सलाईन आणि रेडिएशनचा शेक, दोन्ही बरोबरच सुरू झालं. शेक नेमका कुठं द्यायचा त्याच्या जांभळ्या रेघा छातीवर आखलेल्या. त्या पुसल्या तर माप नव्यानं घ्यावं लागेल, आणि शेकात खंड पडणं धोक्याचं, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

दिवाळीचे दोन दिवस मशीन बंद, म्हणून आम्ही हट्ट्याला आत्याकडे आलो. भाऊबीजेला तिनं भावाला पाटावर बसवलं आणि तेल-उटणं लावून मनापासून न्हाऊ घातलं. मी अंगणात येईपर्यंत छाती कोरी.

"आबा, तुमी बोलले काहून न्हाई?"

"बहीण न्हाऊ घालून राहिली... तिचा हात कसा धरू?" बसक्या आवाजात आबा म्हणाले.

आत्याला कळलं तशी तिनं हातातला तांब्या बाजूला ठेवला. "म्याच माझ्या भावाचा घात केला," एवढंच बोलत राहिली. तिच्याकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एसटीत मी आबांना चिकटून बसलेलो. दवाखान्यात शर्ट काढला — रेघा होत्या. ठळक, मधल्या फुलीसकट. टेक्निशियननं माप लावलं.

"बरोबर आहेत. पण ताज्या दिसतात... कोणी काढल्या?"

मीच उलट, घामानं जुनी शाई वर आली असेल का, असं विचारलं. धुतलेली शाई अशी ठळक होत नाही म्हणाला आणि त्यानं मशीन सुरू केलं.

शेक पूर्ण झाले. आबा पुढं चार वर्षं जगले, दुधात कुस्करलेली भाकरी चवीनं खात. रेघा कोणी काढल्या, मला आजही कळलेलं नाही.

आत्याला मी सगळं जाऊन सांगितलं. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. "माझं मन राखून राहिला व्हय, लेकरा?" आबांनी सांगून पाहिलं, तरी तेच. नवस, उतारा, दृष्ट, सगळं मानणारी बाई. एवढी एक गोष्ट मात्र तिला पटली नाही. त्यानंतरच्या प्रत्येक भाऊबीजेला तिनं आबांना नुसतं ओवाळलं. अंगाला हात लावला नाही.